रेखाटनाचा वर्ग

फ्रिज झटका देऊन घरघरायला लागला. गादीवर झोपलेल्या मुलीनं कूस बदलली. आईनं माउसवरचं बोट उचललं आणि ती श्वास रोखून बसली. मुलगी पुन्हा झोपली.

पडद्यावर ग्राफिक डिझाइन शिकवणाऱ्या संस्थेचं पान उघडं होतं. दोन वर्ग, त्यातला एक निवडायचा. प्राथमिक रेखाटन, रोज संध्याकाळी, वर्षभर. नाहीतर थेट पुढचा वर्ग, पोस्टर आणि मांडणी, फक्त शनिवारी सकाळी. संध्याकाळ म्हणजे मुलीचं जेवण, तिची बडबड, तिची गोष्ट. सासूबाईंनी आधीच हात वर केले होते. "शनिवारी सांभाळीन गं. रोजचं नको सांगूस. तिच्या आधी मीच झोपते."

टेबलावरचा फोन थरथरला. संस्थेतल्या मॅडम. तिनं स्पीकर लावून आवाज बारीक केला.

"अहो, तुमची निवड अजून आली नाही इकडे. आज बंद करतेय मी प्रवेश."

"बघतेय मॅडम. मला वाटत होतं, रेखाटनापासूनच सुरुवात करावी."

"कशाला? पोहता येणाऱ्याला टबात बसवायचं का?" मॅडम हसल्या. "तुम्ही पाठवलेलं बाकीचं काम ठीकठाक आहे, खोटं कशाला बोलू. पण बुटांच्या जाहिरातीतला तो घोडा! अशी न घाबरलेली रेघ वर्षभर घोटूनही येत नाही आमच्या पोरांना. त्या घोड्यासाठीच पुढच्या वर्गात घेतेय तुम्हाला."

तिनं ते पोस्टर उघडलं. अक्षरं तिची होती, रंग तिचे, घोड्याच्या पायांतले शाळेचे बूटही तिचेच. घोडा तिचा नव्हता. संस्थेनं हातानं काढलेलं एक तरी चित्र मागितलं होतं, आणि तिनं हातात पेन्सिल धरून कैक वर्षं झाली होती. कपाटाच्या दारावर मुलीनं चिकटवलेला घोडा तिनं फोटो काढून कॉम्प्युटरवर घेतला, खडूचे डाग पुसले, नको ते खोडलं. तेव्हा वाटलं होतं, घरातलाच तर आहे.

"मॅडम, तो घोडा..."

"लाजू नका हो. मूल झालं की आपण बायका स्वतःला दोन पायऱ्या खालीच धरतो. मीही तेच केलं होतं."

रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं. तिनं शनिवारच्या वर्गावर बाण नेला. एकदा बोट दाबलं की सगळ्या संध्याकाळी मुलीच्या. हे तिच्यासाठीच तर चाललंय, असं तिनं स्वतःला सांगून पाहिलं. बोट खाली जाईना.

"मग टाकू ना नाव?"

मागून एक उबदार हनुवटी तिच्या खांद्यावर टेकली. मुलगी कधी उठली, तिला कळलंच नाही.

"माझा घोडा!" झोपाळलेल्या आवाजात मुलगी म्हणाली. "आई, तू त्याला बूट घातलेस?"



"छान आहेत गं." मुलीनं पडद्याला जवळजवळ नाक लावलं आणि बोटानं पाय मोजले. मग उलट्या बाजूनं मोजले. "एक कुठे गेला? मी पाच काढले होते."

"अगं, घोड्याला चारच..."

"चार पळायचे," मुलगी आईलाच लहान असल्यासारखं समजावू लागली. "आणि एक थांबायचा."

आईनं फोनकडे पाहिलं. कॉल चालूच होता. मॅडमनी फोन ठेवला नव्हता.

मुलीनं दोन्ही हातांनी तिचे गाल धरले आणि तिचं तोंड आपल्याकडे वळवलं.

"सांग ना. आता हा थांबणार कसा?"