निरोगी गट

नैराश्यात शरीरातली संप्रेरकं कशी बदलतात, यावर ती संशोधन करत होती. रुग्णांशी तुलना करायला निरोगी माणसं कमी पडली, तेव्हा तिने हक्काने थोरल्या बहिणीला धरून आणलं. एरवी लाळेचा नमुना घेण्याआधी ती प्रत्येकाला मनाच्या आजाराबद्दल खोदून खोदून विचारायची. ताईला मात्र एकही प्रश्न विचारला नाही. सगळ्यांना हसवत फिरणाऱ्या ताईला काय विचारायचं!

निरोगी माणसात ताणाचं संप्रेरक सकाळी जास्त असतं आणि संध्याकाळपर्यंत उतरतं. पण ताईच्या लाळेत ते सकाळी जेवढं, तेवढंच संध्याकाळी. नमुना बिघडला, असं धरून तिने ताईला पुन्हा प्रयोगशाळेत बोलावलं.

“नळीत थुंकायच्या आधी काहीतरी तोंडात टाकलंस ना? खरं सांग.”

“नाही गं बाई! तू एवढा दम भरल्यावर कोणाची हिंमत?”

“मग घरी नळी फ्रिजबाहेर राहिली असेल. तुझा वेंधळेपणा काही जायचा नाही, ताई. तुझ्यापायी माझा अख्खा निरोगी गट बिघडतोय.”

ताईचं हसू ओसरलं. “निरोगी?”

“मग! तुला काय धाड भरलीय?”

ताई पर्सच्या बंदाशी चाळा करत राहिली. “मला वाटलं, तुझ्या लक्षात आलंय, म्हणूनच मला बोलावलंस.”

धाकटीची मान खाली गेली ती वर येईना.

“सांगायची लाज वाटायची गं,” ताई म्हणाली. “तू काही न विचारताच ओळखलंस, म्हणून तू मला इथे आणलंस त्या रात्री कितीतरी दिवसांनी मी शांत झोपले होते.”