शुभ सकाळचं फूल

विशाखाचं सकाळपासून कशातच लक्ष नव्हतं. मिरजेला एकटे राहणारे तिचे वडील, अप्पा, रोज ‘मी मजेत आहे’ असं लिहायचे. गेले नऊ दिवस मात्र नुसतं शुभ सकाळचं फूल येत होतं. मेसेजचं अ‍ॅप खोटं लिहिलेलं पुढे जाऊच देत नसे, लाल करून अडवत असे. चित्रं तेवढी तपासत नसे. फोन केला तर, “अगं, फूल पाठवलं ना!” म्हणून अप्पांनी ठेवून दिला.

तिने लिहिलं, ‘अप्पा, सहजच येऊन जाते.’ लाल. मग, ‘निघालेय.’ तेही लाल, कारण ती अजून खुर्चीतच होती. विशाखाने चपला चढवल्या, दाराला कुलूप घातलं. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर मेसेज गेला.

लगेच उत्तर आलं, फुलाशिवाय: ‘लवकर ये.’