दोन घरांना एक भिंत

"काका, नाही म्हणालात तरी राग नाही," शेजारी म्हणाला आणि संमतीचा कागद टेबलावर ठेवून खुर्चीच्या अगदी कडेला टेकला. उठून पळायचं झालं तर सोपं जावं, असा.

काकांनी चष्मा पुसला. ते पालिकेतले इमारत निरीक्षक. निवृत्त झाले तरी गल्ली त्यांना टेपकाकाच म्हणायची, अर्थात पाठीमागे. दोन घरांमध्ये कायद्याने सोडायची जागा वीतभर जरी कमी भरली, तरी त्यांनी भिंत पाडायला लावली होती. सख्ख्या मेहुण्याचीसुद्धा. बायको होती तोवर मेहुणा निदान बहिणीसाठी दारापर्यंत यायचा. ती देवाघरी गेली आणि तेही येणं संपलं.

आता राज्याने तो जुना कायदाच बदलला होता. शेजाऱ्याची लेखी संमती असेल तर मधली जागा सोडायची गरज नाही, दोन घरांना एकच भिंत चालेल. मसुद्यावर हरकती मागवल्या, तेव्हा काकांनी पानंच्या पानं लिहून पाठवली होती. उजेड, वारा, आगीचा धोका. उत्तर आलं नाही. कायदा मात्र आला.

आणि शेजाऱ्याला खोली वाढवायची होती, ती नेमकी काकांच्या झोपायच्या खोलीला चिकटून. खिडकी बुजणार होती.

"आमची ही तर म्हणाली, कशाला तोंडघशी पडायला जाताय? त्या माणसाने मेहुण्याला सोडलं नाही, तुम्हाला सोडणार?" शेजारी बोलून गेला आणि त्याने जीभ चावली.

"खरं आहे ते," काका म्हणाले.

ते उठून झोपायच्या खोलीत, त्या खिडकीशी गेले. समोर शेजाऱ्याची कोरी भिंत. त्या घराची सगळी वर्दळ पलीकडच्या अंगाला. मधल्या बोळात वाळलेली पानं आणि एक फुटकी बादली. किती वर्षं हा उजेड, हा वारा त्यांच्या एकट्याचा होता. संध्याकाळी दिवा लावून ते प्रार्थना मोठ्याने म्हणायचे. घरात तेवढाच आवाज. मग देवाशी थोडं बोलायचे. देव सगळं ऐकून घ्यायचा, पण मध्येच हसून "काहीतरीच काय!" म्हणत नसे. तसं म्हणणारी गेली होती.

ते परत येऊन बसले. पेनाचं टोपण काढलं. शेजाऱ्याचा विश्वासच बसेना.

"उपकार झाले, काका! दुसऱ्या बाजूला खिडकी काढून देतो, माझ्या खर्चाने." आनंदाच्या भरात तो थांबेना. "आणि आमचा त्रास तर अजिबात नाही. दोन मुली म्हणजे दिवसभर भांडणं, बाबांचा खोकला, वर हिचं भसाड्या आवाजातलं गाणं. पण तुमची ही भिंत काढून मधली सामाईक भिंत मी नऊ इंची घालतोय, चांगली जाड. तुम्हाला पलीकडचं काहीही ऐकू येणार नाही."

पेन कागदावर टेकलेलं, तसंच थांबलं.

"मग सही नाही करत," काका म्हणाले.

शेजाऱ्याचा चेहरा उतरला. "माझं काही चुकलं का, काका?"

"चार इंची घाला." काकांनी मान वर केली नाही. "आणि मुलींना गप्प बसवायचं नाही."