पर्यटकांचा नकाशा

क्रांती चिरडायला परदेशी फौज ग्रेनाडा बेटावर उतरली, तेव्हा गावची मास्तरीण बंदूक टाकून वखारीतल्या जायफळांच्या पोत्यांमागे लपली. वखारीच्या दारात म्हातारी अर्नेस्टीन जायफळं निवडत बसली होती. तेवढ्यात घामाघूम परदेशी शिपाई आला. “मावशी, तुम्हाला सोडवायला आलोय. बंडखोर दिसले का?” “इथं मी अन् ही जायफळं.” त्यानं नकाशा उलगडला. पर्यटकांचा होता तो. नुसती हॉटेलं आणि किनारे. अर्नेस्टीनला राहवेना. ती अक्षरांवरून बोट फिरवत हळूहळू वाचू लागली. “आमचं गाव नाहीच रे यात! मग सोडवायला कुणाला आलास?” शिपाई हसला. “या वयात वाचायला कुणी शिकवलं, मावशी?” पण शिकवणारीबद्दल खोटं तिच्या ओठांवर येईना. “ज्यांना तू शोधतोयस, त्यांनीच.” शिपाई पोत्यांकडे बघत राहिला, मग निघून गेला. पोत्यांमागून दबका आवाज आला, “मावशी, एकही अक्षर चुकलं नाही.”