गोड कोण देतं?

"हात उघड. दोन्ही," मोर्शेदा म्हणाली.

दातांतले किडे काढायला आलेल्या बेदेनीनं हसत पंजे पसरले. बांगड्या खुळखुळवून दाखवल्या, पदर झटकून दाखवला. "बघ गं बाई, पोटभर बघ. पोरीच्या दाढेत किडे वळवळतायत आणि आई माझी झडती घेतेय!"

"घेणारच. इथं घरातल्यांचीच झडती घ्यायची पाळी आलीय, तू तर नावेतली."

हे वाक्य बेदेनीसाठी नव्हतंच. ओसरीवर पान कुटत बसलेल्या सासूला ते बरोबर पोचलं. जोबेदा बिबीचा खलबत्ता थांबला, मग पुन्हा जरा जोरातच सुरू झाला.

आजीच्या मांडीवर डोकं टेकून टुनी बाटली चोखत पडली होती. चार वर्षांची पोर, पुढचे दात काळे पडून झिजलेले आणि आता उजवी दाढ ठणकत होती. दोन-तीन दिवस भाताचा घास गालात धरून नुसती रडत होती. पद्मा नदीच्या घाटाला, नावेतच संसार करत गावोगाव फिरणाऱ्या बेदे लोकांच्या नावा लागल्याचं कळलं, तशी जोबेदा बिबी स्वतः जाऊन या बाईला घेऊन आली होती. दातांतले किडे काढावेत तर बेदेनींनीच, असं सगळं गाव मानतं.

मोर्शेदा मानत नव्हती. तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरनं तिला स्पष्ट सांगितलं होतं, "किडाबिडा काही नसतो. झोपताना हिच्या तोंडात गोड कोण देतं, ते शोधा. नाहीतर ही दाढही हातची जाईल." तेव्हापासून ती शोधतच होती. सासूच्या फळीवर खोकल्यासाठी खडीसाखरेचा डबा असे. मोर्शेदा येता-जाता त्या डब्यात डोकावायची, आजीजवळून उठून आलेल्या पोरीचं तोंड हुंगायची. एकदाही काही सापडलं नव्हतं. म्हणजे म्हातारी किती पक्की असेल!

बेदेनीनं टुनीच्या तोंडातली रिकामी बाटली काढून बाजूला ठेवली. पुढ्यात फणसाचं पान मांडलं, कापूस गुंडाळलेली एक मुळी काढली आणि काहीतरी पुटपुटत तिच्यावर फुंकर मारली. "आ कर गं माझी मैना."

मुळी ओठांशी आली आणि मोर्शेदानं झडप घालून बेदेनीचं मनगट धरलं. मुळी हिसकून पानावर आपटली. कापसातून पांढऱ्या अळ्या टपटप खाली पडल्या.

"अगं बया! तोंडाला लागायच्या आधीच बाळंत झाली की ही मुळी!" मोर्शेदा म्हणाली.

जोबेदा बिबीनं कपाळावर हात मारून घेतला. बेदेनी मात्र जराही ओशाळली नाही. बोचकं आवरून ती उठली. "बरं बाई, मी लबाड. मग पोरीचे दात काय उंदरानं खाल्ले? तुझ्या घरातच कोणीतरी आहे. त्याचं धर की असं मनगट!" आणि ती तरातरा घाटाकडे चालू लागली.

मोर्शेदाला तेवढंच हवं होतं. ती सासूकडे वळली. "ऐकलंत ना, आम्मा? आता तरी सांगा. माझा डोळा चुकवून खडीसाखर कधी भरवता हिला?"

"अल्लाची शपथ, बऊमा. मी तिला खडा दाखवतसुद्धा नाही."

"मग पदराला हे काय बांधलंय?"

आणि सासू काही म्हणायच्या आत तिनं ती गाठ सोडली. आत सुपारीची खांडं होती, जर्द्याची चुरगळलेली पुडी होती. बस, एवढंच.

"माझ्या पदराला हात घातलास," जोबेदा बिबी हळूच म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

मोर्शेदाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण संशय काही हटेना. ही नाही, तर मग कोण? शेजारची? दुकानवाला?

तेवढ्यात टुनीनं भोकाड पसरलं. तिची दुपारच्या झोपेची वेळ झाली होती, आणि बाटलीशिवाय ती झोपत नसे. मोर्शेदा जवळजवळ पळतच चुलीपाशी गेली. सासूची नजर चुकवायला कामच हवं होतं. तिनं दूध कोमट केलं, मडक्यातून खजुराच्या गुळाचा खडा काढून बोटांनी कुस्करून त्यात घातला. नुसतं दूध पोर तोंडात धरत नाही. बाटली भरून, हलवून तिनं टुनीच्या हातात दिली.

टुनीनं ती तोंडाला लावलीच नाही. फणसाच्या पानावर अजून एक अळी वळवळत होती. पोरीनं बाटली तिरकी केली आणि तिचं रबरी बोंड अळीपाशी टेकवलं.

"शी! काय करतेस गं?"

"त्याला देते. त्याला भूक लागलीय."

"किडा कुठं दूध पितो?"

"पितो की!" आईला एवढंही कसं कळत नाही, अशा नजरेनं टुनीनं तिच्याकडे पाहिलं. "मी झोपले तरी बाटली माझ्या तोंडातच असते ना. मग सगळं गोड गोड तोच पितो. रोज पितो."

खलबत्ता बंद होता. जोबेदा बिबीनं सुपारीची खांडं गोळा करून पुन्हा पदराला बांधली. वर मान काही केली नाही.

मोर्शेदानं टुनीच्या हातून बाटली काढून घेतली. पोर किंचाळली, तरी दिली नाही. बोटं चिकट लागत होती. तिनं ती पदराला पुसली, पुन्हा पुसली, मग जोरजोरात घासू लागली.

"पुसून नाही जायचं, बऊमा," सासू म्हणाली. "पाण्यानं धू."