बस म्हणायचं खालच्याने

थोरलीने धाकट्या जावेच्या पाठीवर दोन्ही तळवे टेकवले. धाकटी पाय लांब करून बसली होती आणि कमरेतून पुढे वाकली होती. तिचं कपाळ गुडघ्यांपासून जेमतेम चार बोटांवर होतं. थोरलीचं कपाळ कधी वीतभराच्या आत गेलं नव्हतं, आणि ती या वर्गात धाकटीच्या कितीतरी आधीपासून येत होती.

“हळू दाबायचं,” योगाच्या बाई रांगांमधून फिरत सांगत होत्या. “वरच्याला काही कळत नसतं. दुखतंय का, ते खालच्यालाच कळतं. म्हणून ‘बस’ म्हणायचं खालच्याने, आणि ते ऐकलं की वरच्याने हात काढायचे. जास्तीचं शहाणपण नको.”

हॉल फर्निचरच्या दुकानावर होता. खिडक्या उघड्या ठेवल्या की खालून पॉलिशचा वास येई आणि बंद ठेवल्या की सगळ्यांच्या पायांचा. आरशासमोरची चटई मानाची, असं कुणी ठरवलं नव्हतं, पण ठाऊक सगळ्यांना होतं. आत्ताआत्तापर्यंत ती थोरलीची होती. धाकटीला इथे आणलं तेही तिनेच. दिवसभर सलूनमध्ये उभी राहून लोकांचे केस कापतेस, पाय भरून येतात म्हणतेस, चल माझ्याबरोबर, असं मोठ्या मनाने म्हणाली होती. मोठं मन असं अंगाशी येतं. बघता बघता बाई “हिच्याकडे बघा” म्हणू लागल्या आणि धाकटी आरशासमोर गेली.

बाई आता मुलीच्या बाळंतपणासाठी जाणार होत्या. त्यांच्या मागे वर्ग कुणी घ्यायचा, ते आज सांगणार होत्या. थोरलीने त्यासाठी नवी ट्रॅकपँट घेतली होती. धाकटी नवऱ्याच्या जुन्या टी-शर्टात आली होती आणि त्यातही छान दिसत होती. थोरलीला तेही खुपलं होतं.

“दाबा की, ताई,” धाकटी गुडघ्यांकडे तोंड करून म्हणाली. “घाबरताय का?”

थोरलीने दाबलं. कपाळ गुडघ्यांना टेकलं. इथे थांबायला काहीच हरकत नव्हती. बाई पलीकडच्या रांगेत निवृत्त पोस्टमास्तरांशी झटत होत्या.

“पोस्टमास्तर, गुडघे वर येतायत तुमचे.”

“मी खाली जायला तयार आहे, बाई. पोट परवानगी देत नाही.”

हॉल हसला. धाकटी हसली नाही. थोरलीच्या तळव्यांखाली तिचा श्वास तुटक चालला होता आणि मान कानांपर्यंत लाल झाली होती. वरच्याला काही कळत नाही, हे बाईंचं म्हणणं साफ खोटं होतं. थोरलीला सगळं कळत होतं. धाकटी ‘बस’ म्हणणार नाही, हेही कळत होतं. घरी जेवताना थोरली आग्रह करून वाढत राहिली, तरी धाकटी कधी ‘पुरे’ म्हणत नसे. वाढलेलं सगळं मुकाट्याने संपवायची आणि लख्ख झालेलं ताट थोरलीच्या समोरून उचलून न्यायची. घरातल्या पुरुषांना तो दोघींमधला जिव्हाळा वाटे.

म्हण, थोरली मनात म्हणाली. एकदा म्हण, की सोडते. धाकटी गप्पच राहिली. थोरलीने अंगाचा सगळा भार तळव्यांवर टाकला.

धाकटीच्या डाव्या मांडीच्या मागे, अगदी वर, बैठकीच्या हाडाशी काहीतरी खटकन झालं. आवाज फार बारीक होता. थोरलीला तो कानांआधी हातांना कळला.

तिला आधी बरं वाटलं. मग आपल्याला बरं वाटलं, हे तिच्या लक्षात आलं आणि तिने चटका बसल्यासारखे हात काढले.

“लागलं का गं?” तिने हळूच विचारलं.

“कुठे काय.” धाकटीने टी-शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं. घाम पुसायला लागतो त्यापेक्षा जास्त वेळ पुसत राहिली.

बाई तेवढ्यात येऊन उभ्या राहिल्या. “कपाळ पार नडगीपर्यंत गेलं होतं, मी तिकडून बघितलं. आता मी निश्चिंत जाते. वर्ग ही बघेल.” मग थोरलीकडे वळून म्हणाल्या, “आणि तुम्ही हिला मदत करा. घरातल्याच आहात, बरं पडेल. चला, आता सगळ्यांनी जागा बदला.”

धाकटी आधी कुशीवर वळली, तळहात जमिनीला लावले आणि एका पायावर उठली. डावा पाय तिने नुसता चवड्यावर टेकवला. बाईंकडे बघून ती हसली, आणि बाई पुढच्या जोडीकडे गेल्यावरही ते हसू तसंच राहिलं. संध्याकाळपर्यंत तिला सलूनमध्ये त्याच पायांवर उभं राहायचं होतं. थोरलीला ते आठवलं, आणि त्याविषयी काही बोलायचं राहून गेलं.

ती धाकटीच्या चटईवर पाय लांब करून बसली. बऱ्याच दिवसांनी आरसा समोर होता. त्यात तिला धाकटी मागे येताना दिसली. तिने दात ओठांवर रोवले होते आणि गुडघ्यांवर बसायला नको इतका वेळ घेतला होता.

“तयार, ताई?” धाकटीने विचारलं. आवाज नेहमीसारखा गोड होता.

थोरली पुढे वाकली. आता आरसा दिसत नव्हता. दिसत होते ते स्वतःचे गुडघे आणि नव्या ट्रॅकपँटचा एक सुटलेला दोरा. मागे धाकटीचा श्वास ऐकू येत होता.

“बस,” थोरली म्हणाली.

“ताई,” मागून धाकटी म्हणाली, “मी अजून हात लावलेला नाही.”