पहिल्या रांगेतला प्रॉम्प्टर

"आपण कोण?" तोंडाला रंग लावत, आरशातून नजर न हलवता सुहासने विचारलं.

खांबेट्यांच्या हातातली भडंगाची पुडी हातातच राहिली. सांगलीच्या हौशी नाटकांत याला एक वाक्य धड पाठ होत नसे. विंगेतून खांबेटे शब्दन् शब्द पुरवायचे आणि हा मिळेल ते ठणकावून म्हणायचा. अर्थबिर्थ घरी गेल्यावर. आता मालिकांमुळे स्वारी मोठी झाली होती. मुलाखतीत सांगायची, "मी एकट्याने घडलो."

"कोणी नाही, प्रेक्षक," म्हणत खांबेटे पहिल्या रांगेत जाऊन बसले.

शेवटच्या अंकात चाळीस वर्षं संसार केलेली बायको नायकाच्या मांडीवर अखेरच्या घटका मोजत असते. सुहासने तिचा हात हातात घेतला आणि थांबला. प्रेक्षकांनी डोळ्यांना रुमाल लावले. खांबेट्यांनी मात्र ओळखलं, गडी वाक्य विसरला! सुहासची भेदरलेली नजर विंगेकडे गेली. तिथे कोणीच नव्हतं. मग ती पहिल्या रांगेत येऊन खांबेट्यांवर खिळली. आता बरी ओळख पटली!

खांबेट्यांनी जुन्या इमानाने, फक्त त्यालाच ऐकू जाईल असं, वाक्य पुरवलं.

सुहासने मरणाऱ्या बायकोच्या डोळ्यांत पाहिलं आणि खणखणीत आवाजात विचारलं, "आपण कोण?"